डावीकडचे नाना

पियानो कॉन्चेर्टोचं, म्हणजे एक पियानो आणि अख्खा वाद्यवृंद अशा मैफलीचं, तिकीट काढताना नाना वाजवणारा कोण हे विचारत नाहीत, किंमतही विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, खिडकीपलीकडच्या मुलीकडे वाकतात आणि म्हणतात, "डावीकडचं आहे का?" म्हाताऱ्या माणसाला बरी जागा मिळावी म्हणून ती बिचारी अगदी मधोमधची खुर्ची पुढे करते. नाना ती नाकारतात. "मधोमध बसायचं ते नाटकाला. आम्हाला बोटं बघायचीत."

ह्यामागे पक्कं गणित आहे. रंगमंचावर पियानो आडवा ठेवतात. झाकण प्रेक्षकांच्या बाजूला उघडतं, म्हणजे आवाज आपल्याकडे यावा. आणि त्यामुळे पट्ट्या येतात आपल्या डाव्या अंगाला, वाजवणारा बसतो उजवीकडे तोंड करून. डावीकडे बसलेल्याला त्याची पाठ, उजवा खांदा आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर धावणारे दोन्ही हात दिसतात. उजवीकडच्याला हात दिसत नाहीत, चेहरा दिसतो. एवढ्यावरून श्रोत्यांत दोन पंथ पडले आहेत. नाना त्यांना बोटवाले आणि तोंडवाले म्हणतात. तोंडवाल्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. "डोळे मिटून मान वर केली की ह्यांना वाटतं काहीतरी दिव्य चाललंय. अरे, त्याची पाठ दुखत असेल!" उजवीकडे आवाज जास्त भरदार ऐकू येतो, असं मी कुठेतरी वाचलेलं त्यांच्या कानावर घातलं. "आवाजासाठी घरी रेडिओ आहे," नाना म्हणाले.

नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए ह्या कलाकेंद्राचं जे जमशेद भाभा थिएटर आहे, त्यात अकराशेच्या थोड्या वर खुर्च्या आहेत. बोटं नीट दिसतील अशा त्यातल्या किती, हे नानांना तोंडपाठ आहे, पण ते कुणाला सांगत नाहीत. हे थिएटर उघडण्याआधीच १९९७ साली आगीत जळलं, जमशेद भाभांनी ते पुन्हा उभं केलं आणि १९९९मध्ये पडदा वर गेला, ही हकीकत मात्र ते सोबत आलेल्या प्रत्येक नवख्याला संगमरवरी जिना चढता चढता ऐकवतात. हकीकत संपते तेव्हा जिना संपलेला असतो. दम लागलाय हे लपवण्यासाठी शोधलेली ही युक्ती आहे, असं नानींचं म्हणणं.

२००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला आणि नानांच्या आयुष्यात दोन नवे सण आले: एक फेब्रुवारीच्या आसपास, एक सप्टेंबरात. गणपती आणि सप्टेंबरचा सीझन एकमेकांवर आले की घरात तणाव असतो. पाच दिवसांचा गणपती एका वर्षी दीड दिवसाचा झाला, त्यामागे राखमानिनोव होता हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही.

बोरिवलीला राहायला येण्यापूर्वी नाना गिरगावातले. चाळीच्या मागच्या गॅलरीतून खोताच्या वाडीतली कौलं दिसायची आणि त्या कौलांखालून संध्याकाळी कुणीतरी पियानोवर तोच तोच धडा गिरवत असल्याचा आवाज यायचा. पुढच्या गॅलरीतून लक्ष्मीबागेच्या मैफलीला निघालेली माणसं दिसायची. नानांचं सगळं संगीत ह्या दोन गॅलऱ्यांच्या मधल्या दहा बाय बारात घडलं. वडिलांची पेटी होती. नाना भजनी मंडळात ती वाजवू लागले, अजूनही वाजवतात. नोटेशन त्यांना वाचता येत नाही, इंग्रजी पुस्तकांतलं 'एक्स्पोझिशन' आणि 'रिकॅपिट्युलेशन' त्यांना नको असतं, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशी त्यांचं नातं रक्ताचं आहे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला स्टुडिओत पाऊल टाकू दिलं नाही, हा अपमान त्यांनी वडिलांकडून वारशानं घेतला. "परकी पेटी म्हणून हाकललीत ना? मग मी तिच्या माहेरी गेलो," असं ते पियानोच्या वेडाचं कारण सांगतात. पियानोत हवेच्या भात्याचा संबंध नाही, तिथे हातोडी तारेवर पडते, पेटीचं खरं माहेर वेगळं आहे, असं एका वादकानं समजावून सांगितलं, तेव्हा नाना म्हणाले, "मग आजोळ म्हणा."

ह्या नात्यामुळे कार्यक्रमपत्रिका वाचण्याची त्यांची रीत निराळी आहे. आपल्याकडे गायकाचा स्वर विचारतात तसा ते कॉन्चेर्टोचा स्वर आधी पाहतात आणि बॉलपेननं शेजारी आपल्या भाषेत लिहितात. ग्रीगचा ए मायनर: पांढरी सहा. बेथोवनचा पाचवा, इ फ्लॅट: काळी दोन. चायकोव्हस्कीचा पहिला, बी फ्लॅट मायनर: काळी पाच. राखमानिनोवचा दुसरा पांढरी एकमध्ये आहे, तिसरा पांढरी दोनमध्ये. मोत्सार्टचा वीस नंबरचा आणि ब्राम्सचा पहिलाही पांढरी दोनमध्येच. ह्यावरून त्यांनी असा सिद्धान्त काढला आहे की युरोपातल्या माणसाला खरंखुरं दुःख झालं की तो पांढरी दोनमध्ये बसतो.

शेजारच्या खुर्चीवर त्यांचे एक पारशी स्नेही असतात. नाना त्यांना बावाजी म्हणतात, बावाजी नानांना 'मास्तर' म्हणतात, दोघांनाही एकमेकांचं खरं नाव माहीत असावं असं वाटत नाही. बावाजींच्या घरात हे संगीत तीन पिढ्यांचं. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील मेहली ह्यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा बावाजींचे काका सेकंड व्हायोलिनमध्ये होते, असं ते सांगतात. त्या ऑर्केस्ट्रात पारशी होते, गोव्याचे वादक होते, आणि त्याच गोवेकरांतले कितीतरी सकाळी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून संध्याकाळी तालमीला यायचे, हे नाना सांगतात. एकानं पारशांचं श्रेय काढायचं, दुसऱ्यानं गोव्याचं. मग दोघांनी मिळून आजच्या ऑर्केस्ट्रातले निम्मे चेहरे परदेशी का, म्हणून हळहळायचं, आणि दिवे मंद झाले की त्याच परदेशी ओबोवाल्यानं स्वर धरल्याबरोबर दोघांनी समाधानानं खुर्चीत मागे टेकायचं.

नानांचा खरा प्रश्न स्वराचा नाही, दादेचा आहे. जन्मभर त्यांनी संगीत ऐकलं ते मान हलवत, हात उचलत, समेवर 'हा' म्हणत. अशा माणसाला चाळीस मिनिटं तोंड मिटून बसवायचं म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी काढून घेण्यातला प्रकार. वाद्यमेळ थांबतो, पियानोवाला एकटा उरतो, दोन्ही हात खालपासून वरपर्यंत दौडत जातात, आणि नानांच्या उजव्या हाताला काहीतरी व्हायला लागतं. तो मांडीवरून उठतो. नानी तो खाली बसवतात. तो पुन्हा उठतो. सुरुवातीच्या काळात एकदा अशी एकट्याची फेरी, म्हणजे कडेंझा, संपता संपता 'क्या बात है' निसटलं होतं. पुढच्या तीन रांगा वळून पाहत राहिल्या. बावाजी तेव्हा अनोळखी होते, त्यांनी नुसता नानांचा दंड दाबला. मैत्री तिथून झाली.

तेव्हापासून नानांनी बिनआवाजी दादेची एक पद्धत बसवली आहे. चांगली जागा आली की डाव्या पायाचा अंगठा चपलेत दाबायचा. फारच चांगली आली तर दोन्ही. अलौकिक काही घडलं तर बावाजींच्या कोपराला कोपर लावायचं. बावाजी पटलं तर परत कोपर लावतात, नाही पटलं तर हात आखडून घेतात. मध्यंतरात नानांचा अंगठा दुखत असला की समजावं, पहिली मूव्हमेंट रंगली होती.

बाकीचं सभागृह काय करतं? सभागृह खोकतं. मूव्हमेंट चालू असताना श्वास रोखून बसलेली हजार माणसं मूव्हमेंट संपताच एकदम खोकतात. दहा सेकंदांत सगळं उरकतात, कंडक्टर हात उचलतो, पुन्हा शांतता. नानांना हा प्रकार अजून समजलेला नाही. "खोकला चालतो, वाहवा चालत नाही! कुठल्या घराण्याची रीत ही?" स्वतः ते खिशात ज्येष्ठमधाची कांडी ठेवतात, कारण तिला कागद नसतो. संथ मूव्हमेंटमध्ये गोळीचा चांदीचा कागद हळूहळू, विचारपूर्वक, दोन मिनिटं उलगडणारी माणसं त्यांच्या मते फासावर द्यायच्या लायकीची आहेत. पटकन उलगडला तर एकदाच वाजेल, पण नाही. सभ्यपणा आहे ना!

दादेच्या ह्या बंदीविरुद्ध नानांनी अभ्यास केला आहे, आणि इथे मला त्यांच्या बाजूनं साक्ष दिली पाहिजे, कारण इतिहास नानांकडून आहे. १७७८ साली पॅरिसहून मोत्सार्टनं वडिलांना लिहिलेलं पत्र आहे. आपल्या नव्या सिम्फनीत अमुक एक जागा लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं, आणि ती जागा आली तशी संगीत चालू असतानाच टाळ्या पडल्या, असं तो खुशीनं कळवतो. चालू असताना! मूव्हमेंट संपल्यावर टाळ्या हे तर तेव्हा गृहीतच होतं. आवडलेली मूव्हमेंट पुन्हा वाजवायला लावणंही चालायचं. तोंडात मिठाची गुळणी धरून ऐकण्याची रीत नंतरची, एकोणिसाव्या शतकात रुजत गेलेली. मेंडेल्सोन आणि शुमानसारख्यांना मधल्या टाळ्यांचा त्रास व्हायचा. म्हणजे मोत्सार्ट स्वतः येऊन एनसीपीएच्या रंगमंचावर बसला, तर ह्या अकराशे शहाण्यांच्या मौनानं त्याला घाम फुटेल, आणि डावीकडच्या आठव्या रांगेतला एक म्हातारा तेवढा ओळखीचा वाटेल.

कडेंझाचंही तसंच. कॉन्चेर्टोच्या पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटाकडे वाद्यमेळ एका अर्धवट स्वरावर येऊन थांबतो आणि पियानोवाल्याला रान मोकळं करून देतो. मग तो मनाला येईल तसं खेळतो, आणि परतायची वेळ झाली की एका स्वरावर लांबलचक कंपन धरतो. ती खूण. कंपन सुटलं की वाद्यमेळ धाडकन आत. नाना ह्या कंपनाला तिहाई म्हणतात, वाद्यमेळाच्या प्रवेशाला सम म्हणतात, आणि मला तरी ह्याहून बरं स्पष्टीकरण कुठल्या परदेशी पुस्तकात मिळालेलं नाही. त्या क्षणी त्यांचा हात आधीच हवेत असतो, कंडक्टरच्या छडीच्या किंचित पुढे.

पण 'मनाला येईल तसं' हे जुन्या काळी. आजचा वादक कडेंझा पाठ करून येतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत, असं नानी सांगतात. (नाना म्हणतात, एक दिवस. आणि चतुर्थी होती.) मोत्सार्ट आपल्या वीस नंबरच्या कॉन्चेर्टोत जे काही ऐन वेळी वाजवून गेला, ते कागदावर राहिलंच नाही. पुढे बेथोवननं त्यासाठी कडेंझा लिहून ठेवली आणि आता बहुतेक जण तीच वाजवतात. "म्हणजे दुसऱ्या गवयानं लिहून दिलेली तान पाठ करून मैफलीत घ्यायची? आणि त्याला व्हर्च्युओसो म्हणायचं?" बेथोवननं तर पाचव्या कॉन्चेर्टोत सरळ हुकूमच लिहिला की इथे कडेंझा करू नये, लगेच पुढचं वाजवावं. तोवर त्याचे कान जवळजवळ गेले होते, तो कॉन्चेर्टो त्याला स्वतः लोकांपुढे वाजवता येणार नव्हता. दुसऱ्याच्या हाती सोपवायचा म्हणून त्यानं दार बंद केलं असेल, असं मी म्हटलं. नाना बराच वेळ गप्प राहिले. "असेल," म्हणाले. "कान गेलेल्या माणसाला मी काही बोलत नाही."

तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या वेळचा बेथोवन मात्र त्यांचा लाडका. १८०३च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नात तो पहिल्यांदा वाजला तेव्हा पानं उलटायला सायफ्रिड नावाचा कंडक्टर मित्र शेजारी बसवला होता. त्यानं पाहिलं तर पानं जवळपास कोरी. इथे-तिथे बेथोवनपुरत्या काही खुणा, बाकी सगळं डोक्यात. बेथोवन वाजवता वाजवता नुसती नजर टाकी आणि हा घाबऱ्याघुबऱ्या कोरं पान उलटी. रात्री जेवताना बेथोवन त्याच्या त्या फजितीवर पोट धरधरून हसला. ही गोष्ट सांगताना नाना आपल्या भजनी मंडळाची वही काढतात आणि तिचीही बरीच पानं कोरी असल्याचं दाखवतात.

नानांच्या सगळ्या गोष्टी अशाच असतात. त्यांना पार पडलेल्या कार्यक्रमांत रस नाही, पडता पडता वाचलेल्या कार्यक्रमांत आहे. मोत्सार्टचा तो वीस नंबरचा १७८५च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा वाजला, त्या दिवशी त्याचे वडील व्हिएन्नात येऊन पोचले तेव्हा नक्कल करणारा अजून वाद्यवृंदाच्या वह्या लिहीत होता आणि शेवटचा भाग वाजवून बघायलाही मोत्सार्टला सवड झाली नव्हती. संध्याकाळी कार्यक्रम! हाच कॉन्चेर्टो मारिया ज्वाओ पिरेस ह्या पोर्तुगीज वादिकेच्या नशिबी कसा आला, ती तर नानांची हुकमी गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुपारची खुली तालीम. लोक येऊन बसलेले. कंडक्टर रिकार्दो शाई. वाद्यवृंदानं सुरुवात केली आणि बाईंच्या लक्षात आलं की आपण मोत्सार्टचा भलताच कॉन्चेर्टो तयार करून आलोय. त्यांनी डोक्याला हात लावला. वाद्यवृंद चालूच. शाई हात हलवता हलवता त्यांना हसून म्हणताहेत की तुम्हाला येतो, वाजवा. सुरुवातीचा तो वाद्यवृंदाचा भाग दोन-अडीच मिनिटांचा असतो, तेवढाच अवधी. आणि बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी तो पाठ वाजवला. त्याची चित्रफीत जगभर फिरली, आणि नानांच्या फोनमध्ये ती दोनदा साठवलेली आहे, एक पुसली गेली तर असावी म्हणून. गोष्ट सांगताना नाना पिरेसबाईंचा चेहरा स्वतः करून दाखवतात. तोंडवाल्यांचा विरोधक असलेला हा माणूस त्या वेळी मला फारच प्रिय वाटतो.

पियानोवादक ग्लेन गुल्डची गोष्ट त्याहून घरगुती. १९६२च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो होता. गुल्डला तो इतका संथ घ्यायचा होता की कंडक्टर बर्नस्टाइननं तो वाजवण्यापूर्वी लोकांसमोर उभं राहून सांगितलं, आता जे ऐकाल त्याच्याशी मी सहमत नाही, आणि तरी वाजवणार आहे. कॉन्चेर्टोत साहेब कोण, वाजवणारा की छडीवाला, असा प्रश्नही त्यानं हसत हसत टाकला. परदेशात ह्यावर केवढा गदारोळ झाला! नानांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "आमच्याकडे गवई आणि तबलजी दर मैफलीत हेच करतात. फक्त आमचे भाषण करत नाहीत, लय ओढतात." दोनच वर्षांनी गुल्डनं लोकांपुढे वाजवणं कायमचं सोडलं आणि स्टुडिओत जाऊन बसला. ते नानांना पटलेलं नाही. स्टुडिओत चूक पुसता येते. ज्याला चूक पुसता येते त्याची बोटं बघण्यात काय अर्थ?

ह्याचा अर्थ नाना चुकांचे भुकेले आहेत असा नाही. पण चुकीचा एखादा स्वर लागला की ते ताठ होतात, बावाजींकडे बघतात, आणि दोघांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला आनंदाखेरीज दुसरं नाव देता येत नाही. पियानोवादक आल्फ्रेड कोर्टो कितीदा चुकायचा आणि तरी त्याच्या रेकॉर्डी लोक अजून का जपतात, ह्यावर बावाजींचं एक स्वतंत्र व्याख्यान आहे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये काचेच्या खोलीत उभं राहून, काहीही विकत न घेता, आपण किती कॉन्चेर्टो ऐकले ह्याचा हिशेब दोघं एकमेकांना देतात. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा दोघांनाही थोडं अपराधी वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट राखमानिनोवची. तो १९०९मध्ये अमेरिकेला निघाला तो तिसरा कॉन्चेर्टो नुकताच लिहून. सरावाला वेळ नव्हता, म्हणून बोटीवर बिनआवाजाचा पट्ट्यांचा फळा घेऊन गेला आणि त्यावर बोटं चालवत न्यूयॉर्कला पोचला. हे वाचल्यापासून नाना लोकलमध्ये मांडीवरच्या पिशवीवर वाजवतात. डाव्या हाताला पिशवीचा बंद आडवा येतो, तरी वाजवतात. विंडो सीट असली तर दोन्ही हातांनी. समोरच्या माणसाला वाटतं, आजोबांना कंप आहे. एका भल्या बाईनं डॉक्टरचा पत्ताही दिला होता.

नानी ह्या सगळ्यात कुठे असतात? नाना डावीकडून चौथ्या खुर्चीत, नानी पाचव्या. त्यांना भावगीतं आवडतात आणि एनसीपीएच्या आवारातला समुद्राचा वारा आवडतो. पण बेथोवनचा चौथा असला की त्या न सांगता तयार होतात. त्याची दुसरी मूव्हमेंट जेमतेम पाच मिनिटांची. सगळी व्हायोलिनं-चेलो एकमुखानं, खडसावल्यासारखी बोलतात. पियानो अगदी हलक्या आवाजात उत्तर देतो. ती पुन्हा खडसावतात. तो पुन्हा तसाच, आवाज न चढवता. हळूहळू त्यांचा चढा सूर खाली येतो, वाक्यं तोकडी होतात, आणि शेवटी पियानो एकटाच बोलतो. ह्यावर पंडितांनी खूप लिहिलंय, नरकाच्या दारातल्या ऑर्फियसपासून सगळं. नानींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मध्यंतरात वडा खाताना एवढंच म्हणाल्या, "सासूबाई आणि मी." नानांनी तेव्हापासून त्या मूव्हमेंटवर मत द्यायचं सोडून दिलं आहे.

आता चायकोव्हस्की. पहिला कॉन्चेर्टो, काळी पाच. नानांचं ह्या रचनेशी भांडण आहे आणि ते एखाद्या भाऊबंदकीच्या दाव्यासारखं वर्षानुवर्षं चालू आहे. सुरुवातीला हॉर्न गरजतात, मग पियानो जाडजूड स्वरगुच्छ खालून वर, खालून वर टाकत राहतो, आणि त्यावर व्हायोलिनं ती चाल घेतात जी शास्त्रीय संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही कुठून तरी माहीत असते. चाल आहे काळी एकमध्ये. म्हणजे कॉन्चेर्टोचा स्वर एक आणि मुखडा भलत्याच स्वरात. ते एक वेळ नाना माफ करतात. पण ती चाल तीन-चार मिनिटं राहते, जाते, आणि नंतर अर्ध्या तासात पुन्हा येत नाही. एकदाही नाही. "इतका सोन्यासारखा मुखडा! आणि त्यावर परत यायचंच नाही? मग बांधला कशाला?"

पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनची साक्ष ते इथे काढतात. १८७४च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मॉस्कोच्या कॉन्झर्वेटरीत चायकोव्हस्कीनं हा कॉन्चेर्टो त्याला वाजवून दाखवला. रुबिनस्टाइन आधी एक शब्द बोलला नाही, मग बोलायला लागला तो थांबेना: वाजवण्याच्या लायकीचा नाही, दोन-तीन पानं ठेव, बाकी फेकून दे. एक स्वर बदलणार नाही, म्हणाला चायकोव्हस्की, आणि तो त्यानं जर्मनीच्या हान्स फॉन ब्यूलोला दिला. ब्यूलोनं १८७५मध्ये तो वाजवला कुठे, तर थेट अमेरिकेत, बॉस्टनला. तिथे लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे रुबिनस्टाइननं स्वतःच तो वाजवला आणि चायकोव्हस्कीनंही पुढे स्वर बदलले. "म्हणजे दोघंही नमले," नाना म्हणतात, "पण मुद्दा कुणीच दुरुस्त केला नाही."

गेल्या खेपेस हाच होता. परदेशातून आलेला तरुण वादक, लांब बोटं, बसायला साधी लाकडी खुर्ची मागून घेतलेली. वाजवला मात्र त्यानं असा की पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटी दोन्ही हातांचे अष्टक कडाडत खाली आले, वाद्यवृंद त्यावर कोसळला, आणि जे व्हायचं ते झालं: अख्खं सभागृह टाळ्या पिटायला लागलं. मागून कुणी शिट्टीही घातली. कंडक्टर पाठ न वळवता हसला. मी नानांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. हजार माणसं नियम मोडत होती. मोत्सार्ट जिंकला होता.

"श्श्श्!" नाना म्हणाले. जोरात. पुढच्या तीन रांगा वळल्या.

"नाना, अहो, तुम्हीच तर..."

"जागा चुकली," ते दातांतून म्हणाले. "कडेंझात बसले होते मख्ख. तिथे द्यायची. आता काय, दणका झाला म्हणून टाळ्या. दिवाळीत अ‍ॅटमबॉम्बला वाजवतात तशा." बावाजी टाळ्या वाजवत होते. नानांनी कोपर आखडून घेतलं.

कार्यक्रमानंतर वादक सह्या द्यायला फॉयरमध्ये येऊन बसला. नाना कधी अशा रांगेत थांबत नाहीत, बोरिवली गाठायची असते. त्या दिवशी थांबले. त्यांचं इंग्रजी विमा कचेरीतलं, म्हणून दुभाष्या मी. पाळी आली. नानांनी पत्रिका पुढे केली. तिच्यावर 'काळी पाच' लिहिलेलं पाहून त्या मुलानं ती उलटी करून पाहिली.

"त्याला विचार," नाना मला म्हणाले, "सुरुवातीची ती चाल परत का येत नाही? आणि म्हणावं, पुढच्या वेळी शेवटी एकदा घे. चायकोव्हस्की काही बघायला येत नाही. कडेंझात घातलीस तरी चालेल, तेवढीच तुझ्या मनची होईल."

मागे साठ माणसं उभी होती. मी इंग्रजीत म्हटलं, ह्यांना तुमचं वादन, विशेषतः कडेंझा, अतिशय आवडलं.

मुलगा उभा राहिला. त्यानं छातीवर हात ठेवला, मान लववली आणि नानांचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला. नानांनी तेवढ्यात त्याची बोटं जवळून बघून घेतली.

"पटलं त्याला," जिना उतरता उतरता ते म्हणाले. "आजवर कुणी सांगितलंच नसणार."